बीए मराठी आणि बीकॉम, दोन्ही एकदम जमेल का?

खानापूरची:
नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पीयूसी (म्हणजे बारावी) कॉमर्समधून झाली. आता डिग्रीचा प्रश्न आहे. मला मराठी साहित्य सोडायचं नाही. पण बाबांचं नंदगडला किराणा दुकान आहे, जीएसटीच्या प्रत्येक रिटर्नला दुसऱ्याच्या दारात जावं लागतं, म्हणून घरचे म्हणतात बीकॉमच कर. आत्तेभाऊ मेलबर्नला आहे. तो सांगतो, तिकडं आर्ट्स आणि बिझनेस मिळून चार वर्षांचा एकच कोर्स असतो. आपल्या बेळगावकडं तसलं काही आहे का? की कोल्हापूर गाठावं लागेल?

उद्यमबागचा हिशेबनीस:
तसला जोडकोर्स माझ्या तरी बघण्यात नाही. पण दोन डिग्र्या एकदम होतात, मी केल्यात. यूजीसीनं एप्रिल २०२२ मध्ये परवानगी दिली: एक डिग्री रोज कॉलेजला जाऊन, दुसरी दूरस्थ किंवा ऑनलाइन. दोन्हीकडं जाऊनही चालतं म्हणे, फक्त वर्गाच्या वेळा आदळायला नकोत. बेळगावात ते कुणाला जमणार, देव जाणे.

तुझ्या आत्तेभावाकडं आणि आपल्याकडं फरक एवढाच, की तिकडं दोन्ही डिग्र्या एकमेकींत बसवलेल्या असतात, म्हणून तीन अधिक तीनचं चारात भागतं. आपल्याला दोन्हीकडचे सगळे पेपर द्यावे लागतात. सूट नाही.

आता रोज जायचं कशासाठी आणि घरी बसून करायचं काय? मला सगळ्यांनी सांगितलं, अकाउंट्सला सर लागतात, कथा-कविता काय घरीही वाचता येतात, म्हणून बीकॉम रेग्युलर घे. ऐकायला बरोबर वाटतंय की. पण दूरस्थ मराठी आणणार कुठून? नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ मराठीतून शिकवतं, पण त्याची हद्द महाराष्ट्रापुरती. म्हैसूरच्या मुक्त विद्यापीठात बीए कन्नड नाहीतर इंग्रजीतून. म्हणजे मराठी पाहिजे असेल तर बेळगावच्या आरपीडीसारख्या कॉलेजातच बसावं लागणार. बीकॉम मात्र इग्नूतून, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातून, कुठंही होतं. मी तसंच केलं, २०२२ च्या बॅचला.

खरा ताप परीक्षेचा. इग्नूची सत्रान्त परीक्षा जूनला आणि डिसेंबरला, आणि राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या सेमिस्टरच्या तारखा नेमक्या तिथंच येऊन टेकतात. इग्नूचे पेपर सकाळी दहा ते एक आणि दुपारी दोन ते पाच. एकदा एकाच दिवशी सकाळी बीएचा पेपर आणि दुपारी फायनान्शियल अकाउंटिंग आलं. इग्नूचा पेपर सरळ पुढच्या सत्राला ढकलला. तीन वर्षांच्या डिग्रीला सहा वर्षांपर्यंत मुदत असते, त्यामुळं बिघडलं काही नाही. कॉलेजचा पेपर मात्र कधी सोडू नको, तिथं ढकलाढकलीला इतकी सवड नाही.

असाइनमेंटला तीस टक्के वजन. हातानं लिहायच्या. शेवटच्या आठवड्यात लिहायला बसलं की बोटं जातात. मी रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आईच्या भाजी निवडण्याशेजारी लिहायचो. ताळेबंद जुळत नसला की ती म्हणायची, "पावशेर शेंगा राहिल्यात बघ कुठंतरी."

दोन्हीचा उपयोग होतो का? सध्या फाउंड्रीच्या ऑफिसात आहे. बिलं, ई-वे बिल, येणी. कॉमर्सवाले तिथं ढिगानं आहेत. पण पैसे थकवलेल्या गिऱ्हाइकाला न दुखावता पत्र लिहायचं झालं की मालक मला हाक मारतात. त्यातली निम्मी गिऱ्हाइकं इचलकरंजी-कोल्हापूरची, त्यांना मराठीतच लिहावं लागतं.

निपाणीकर:
एवढा आटापिटा कशाला? बीए करा आणि मग एमबीए. एमबीएला कुठलीही पदवी चालते. सीएच्या इंटरमिजिएटला थेट प्रवेशसुद्धा कॉमर्सवाल्यांना ५५ टक्क्यांवर आणि बाकीच्यांना ६० टक्क्यांवर मिळतो. म्हणजे बीएवाल्याला दार बंद नाही.
कोल्हापूरचं म्हणाल तर तिकडं बीबीएला आता सीईटी आहे, २०२४ पासून. सीईटीतून भरणाऱ्या व्यावसायिक कोर्सेसच्या प्रवेशात महाराष्ट्रानं हक्क सांगितलेल्या कर्नाटकातल्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या मुलांना सीमाभाग म्हणून वेगळी पात्रता आहे. ताई, तुमचं गाव यादीत आहे का बघा, दाखल्यांची तयारी आत्तापासून ठेवा.

उद्यमबागचा हिशेबनीस:
निपाणीकर, एमबीएची फी कोण भरणार ते पण सांगा की. आणि ह्या पोरीला दुकानाचा हिशेब आत्ता बघायचाय, पाच वर्षांनी नाही. निपाणीतून कोल्हापूर तुम्हाला जवळ, खानापूरवाल्यांनी बेळगाव ओलांडून जायचं. कर्नाटक सरकारच्या बायकांसाठीच्या शक्ती योजनेत तिला खानापूर-बेळगाव बस फुकट आहे, कोल्हापूरच्या बसला तिकीट काढावं लागेल.
सीएचं तुमचं बरोबर आहे, ते मला सुचलं नव्हतं.

खानापूरची:
दादा, निपाणीकर, आभार. बाबांना बसचं सांगितल्यावर चेहरा जरा सैल झाला. एक विचारू का? कॉलेजवाले टीसी आणि मूळ मार्क्सकार्ड ठेवून घेतात. मग इग्नूला काय द्यायचं?

उद्यमबागचा हिशेबनीस:
इग्नूचा अर्ज ऑनलाइन, स्कॅन केलेली कागदपत्रं चढवायची. म्हणून कॉलेजात फाईल द्यायच्या आधी सगळ्याचं नीट स्कॅन करून ठेव, मोबाईलचा वाकडा फोटो नको. दूरस्थ प्रवेशाला आता डेब आयडी (यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा नंबर) लागतो, तो अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यावरून निघतो, म्हणून ते खातं आधी उघड. नाव दहावीच्या मार्क्सकार्डावर आहे तसंच आधारवर आहे का तपास. आपल्याकडं कन्नडातून इंग्रजीत नाव लिहिताना एखादा 'ए' जास्त पडतोच. आपला जिल्हा इग्नूच्या ज्या विभागीय केंद्राखाली येतो ते बघून ठेव, काही अडलं तर तिकडं मेल टाकायचा. प्रवेश जानेवारी आणि जुलै, दोन्ही सत्रांना असतात. मी तुझ्या जागी असतो तर जुलैला कॉलेज सुरू करून इग्नूला जानेवारीत नाव घातलं असतं.