लॅपटॉप उघडायला दहा मिनिटं? आणि बॅटरीचं काय?

गोदाकाठ
काल इथे एक सल्ला आला: 'रॅम टाकायला एमजी रोडला पैसे कशाला घालवता? मागचे दहा स्क्रू काढा, कडेने एटीएम कार्ड फिरवून कव्हर सोडवा, जुनी रॅम काढून नवी दाबा. दहा मिनिटांचं काम.' खाली 'मस्त', 'धन्यवाद दादा' सुरू आहे.

त्या अख्ख्या सल्ल्यात बॅटरी हा शब्द एकदाही नाही. माझा राग त्यावर आहे. लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, तरी बोर्डाचा काही भाग बॅटरीवर जागाच असतो. पॉवर बटण दाबलेलं त्याला कळतं ते म्हणूनच. त्या अवस्थेत एखादा सुटा स्क्रू नेमका दोन पॉइंटना टेकला की बोर्ड गेला. स्क्रीनची केबल बॅटरी जोडलेली असताना ओढली तर बॅकलाइटचा (स्क्रीनमागच्या दिव्याचा) फ्यूज उडतो, मग लॅपटॉप चालू पण स्क्रीन काळी.

क्रम असा ठेवा. शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा, कारण विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे साधं शटडाउन पूर्ण शटडाउन नसतं. स्लीपमध्ये तर उघडायचंच नाही, तेव्हा रॅमला वीज चालूच असते. चार्जर काढा. मागचं कव्हर उघडलं की रॅमकडे बघूही नका, आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. काही आडवे सरकवून निघतात, काही सरळ वर उचलून, काहींना वरून पत्र्याची कडी असते. वायरला धरून ओढायचं नाही, प्लास्टिकच्या टोकाने दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सरकवायचं. मग पॉवर बटण पंधरा सेकंद दाबून धरा. त्यानंतर रॅम.

सिडको_पीसी
तो सल्ला माझा. बॅटरीचं राहून गेलं, मान्य. पण त्यावरून एवढं गळे काढण्यासारखं काही नाही. तुम्ही असं घाबरवता म्हणूनच लोक आठ जीबी रॅमवर रडत बसतात, नाहीतर चांगला लॅपटॉप विकून नवा घेतात. ज्या मॉडेलला रॅमची वेगळी खिडकी आहे तिथे एक-दोन स्क्रूंत काम होतं.

गोदाकाठ
वेगळी खिडकी जुन्या मॉडेलांना होती. आता बहुतेकांचं अख्खं कव्हर निघतं. त्या सल्ल्यात 'जुन्या मॉडेलसाठी' असं कुठे लिहिलंय?

पीएच_शून्य
दोघेही स्क्रूंबद्दल गप्प आहात. दुरुस्तीला येणारं सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. मागचे दहा स्क्रू एका मापाचे नसतात. बिजागरीजवळचे लांब, पुढच्या कडेचे आखूड. लांब स्क्रू पुढच्या भोकात घालून आवळला की वरून पामरेस्टला, म्हणजे तळहात टेकवायच्या जागेला, फोड येतो. कागदावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावा. वाटीत टाकू नका.

काही स्क्रू बाहेर येतच नाहीत, कव्हरमध्येच सैल होऊन राहतात. त्यांना पकडीने उपटू नका. सगळे सैल झाल्यावरही कव्हर हलत नसेल तर जोर लावण्याआधी रबरी पायांखाली बघा, एखादा तिथे लपलेला असतो.

स्क्रूड्रायव्हरचं टोक पीएच० चं (फुलीचं, बारीक) घ्या. मोठ्या टोकाने पहिल्याच फेऱ्यात स्क्रूचं डोकं झिजतं, मग ड्रिल. आणि कार्ड कुठूनही घालायचं नसतं. बिजागरीच्या कोपऱ्यातून सुरुवात करा, क्लिप सुटल्याचा 'टक्' आवाज ऐकत पुढे सरका. कार्ड पाच-सात मिलिमीटरपेक्षा आत घालू नका, आत केबली आणि बॅटरी असते. लोखंडी स्क्रूड्रायव्हरने उचकटलेल्या कडा नंतर कधीच नीट बसत नाहीत.

आणि बॅटरी फुगलेली असेल, म्हणजे टचपॅड वर आलाय किंवा कव्हर मधोमध फुगलंय, तर घरी हात लावू नका.

अर्थिंग_इंदिरानगर
स्टॅटिकबद्दल, म्हणजे अंगावर साठणाऱ्या विजेबद्दल, एक अक्षर नाही! डिसेंबर-जानेवारीत नाशकात हवा किती कोरडी असते. स्वेटर काढताना चटचट आवाज येतो तेच हे. झटका आपल्याला जाणवतो तोवर साधारण तीन हजार व्होल्ट झालेले असतात, चिपला त्याहून खूप कमी पुरतात. रिस्ट स्ट्रॅप (मनगटाला बांधायचा वायरवाला पट्टा) घाला आणि दुसरं टोक थ्री-पिन सॉकेटच्या अर्थला जोडा.

जुना_वाडा
कुठल्या अर्थला? जुन्या नाशकात, पंचवटीत कितीतरी घरांत तिसरं भोक नुसतं शोभेला आहे. मागे वायरच नाही. काही ठिकाणी वायरमनने अर्थ न्यूट्रललाच जोडून ठेवलाय. न्यूट्रल तुटला की त्या 'अर्थ'वर फेज येतो. तिथे मनगट बांधायला सांगताय? फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात अशा घरांची आधी अर्थिंग बघा, मग स्टॅटिकच्या गोष्टी सांगा.

अर्थिंग_इंदिरानगर
घाबरवू नका. चांगल्या स्ट्रॅपमध्ये एक मेगओहमचा रेझिस्टर असतो. समजा अर्थवर पूर्ण २३० व्होल्ट आले, तरी अंगातून जाईल ०.२३ मिलीअँपिअर. बहुतेकांना तो जाणवतही नाही. रेझिस्टर आहे तो याचसाठी.

जुना_वाडा
हे चांगल्या स्ट्रॅपचं झालं. लोक तांब्याची उघडी तार मनगटाला गुंडाळतात त्याचं काय? त्यात रेझिस्टर नाही. तुमचं एक वाक्य वाचून कुणी तसं केलं तर?

अर्थिंग_इंदिरानगर
बरं, तार गुंडाळू नका, हे आधी लिहायला हवं होतं. पण घरचं अर्थिंग मल्टीमीटरने तपासता येतं. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास दिसलं की ठीक.

जुना_वाडा
इथेच चुकता. मल्टीमीटरमधून करंट जवळपास जातच नाही, त्यामुळे गंजून धाग्याएवढी राहिलेली अर्थ वायरसुद्धा २३० दाखवते. वायरमन टेस्ट लॅम्प लावतो तो म्हणूनच. फेज-न्यूट्रलवर बल्ब जितका लख्ख, तितकाच फेज-अर्थवर हवा. मिणमिणला की अर्थिंग कच्चं. ते काम वायरमनकडून करून घ्यायचं, आणि घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर तो पडणार हे धरून चालायचं.

पीएच_शून्य
अहो, तुम्ही दोघं भांडताय त्या अर्थची लॅपटॉपला गरजच नाही. चार्जर काढलाय, बॅटरी सोडवलीय, मशीन भिंतीला कुठेच जोडलेलं नाही. आपण, लॅपटॉप आणि नवी रॅम एकाच पातळीवर आलो की काम भागतं. स्ट्रॅपची क्लिप लॅपटॉपच्या आतल्या उघड्या धातूला लावा, उदाहरणार्थ बोर्डाच्या स्क्रूभोवतीच्या चंदेरी कड्याला. स्ट्रॅप नसेल तर त्याच धातूला हात टेकवा, मग रॅमची पिशवी हातात घ्या, पुन्हा धातूला टेकवून मगच पिशवी फाडा. सुती सतरंजीवर किंवा लाकडी टेबलावर बसा, नायलॉनचा गालिचा नको. बिनवायरचे 'वायरलेस' स्ट्रॅप विकतात ते बिनकामाचे.

जुना_वाडा
हे पटलं. पण घराचं अर्थिंग तपासून घ्याच. लॅपटॉपसाठी नसेना का, गीझरसाठी.

सिडको_पीसी
रॅमच्या धाग्यावर गीझर आला! मूळ मुद्द्यावर या. खरेदीआधी काय बघायचं तेही सांगा, लोक तिथेच फसतात.

गोदाकाठ
सांगतो. लॅपटॉपच्या माहितीत रॅमपुढे एलपीडीडीआर (कमी वीज खाणारी रॅम) लिहिलं असेल तर बहुतेक वेळा रॅम बोर्डाला झाळलेली असते, उघडून उपयोग नाही. डीडीआर४ ही रॅमची आधीची पिढी, डीडीआर५ त्यापुढची. डीडीआर४ ची लॅपटॉप रॅम २६० पिनांची, १.२ व्होल्टची. डीडीआर५ ची २६२ पिनांची, १.१ व्होल्टची. खाच वेगळ्या जागी आहे, एक दुसऱ्यात बसत नाही. बसत नसेल तर दाबायचं नाही. तिरपी धरून सोनेरी कड पूर्ण आत जाईपर्यंत सरकवायची, मग खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या कड्या आपोआप लागतात. एसएसडी (डेटा साठवायची ड्राइव्ह) टाकायची असेल तर लांबी बघा: २२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब. २२४२ च्या जागेत ती मावणार नाही. आणि स्लॉट एनव्हीएमईचा की साटाचा (एसएसडी जोडायच्या दोन पद्धती), हे मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. मोठ्या कंपन्यांची बरीच मॅन्युअल फुकट मिळतात.

नाशिकरोड_९
कव्हरवरचा 'वॉरंटी रद्द' स्टिकर बेकायदा असतो ना? मग भीती कसली?

पीएच_शून्य
ते अमेरिकेत. १९७५ चा तिथला वॉरंटी कायदा आहे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये राइट टू रिपेअर पोर्टल काढलं, पण त्याने स्टिकर बेकायदा ठरत नाही. कंपनीच्या अटी वाचा. रॅम बदलली म्हणून वॉरंटी जातेच असं नाही, पण उघडताना तुमच्या हातून काही तुटलं तर ते तुमच्या माथी.

सिडको_पीसी
आणखी दोन गोष्टी जोडतो, म्हणजे पुन्हा कुणी अंगावर यायला नको. उघडण्याआधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) 'रिकव्हरी की' मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवा. बायोसची (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) सेटिंग बदलली तर बिटलॉकर ती 'की' मागू शकतो. दुसरं, डीडीआर५ टाकल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. मशीन रॅम ओळखत असतं. घाबरून बटण दाबून बंद करू नका.

माझ्या सल्ल्यात बॅटरी पहिल्या ओळीत घेतो. दहा मिनिटं मात्र तशीच ठेवतोय.

गोदाकाठ
दहाची वीस करा. स्क्रू कागदावर लावायलाच पाच जातात.

सिडको_पीसी
पंधरा.