आईचा टीएसएच (थायरॉईड मंदावलं की वाढणारा रक्तातला आकडा) ६.८ आलाय, म्हणजे थोडा जास्त. विसरणं त्यामुळेच का?

पोफळवाडी : आम्ही गुहागरचे. आई ७६ वर्षांची. गेल्या पावसाळ्यापासून विसरते. वाडीत पंप लावते आणि घरात येऊन बसते. परवा पाणी गडग्याखालून थेट पाखाडीवर. आमटीत मीठ दोनदा. आणि हीच बाई ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा पडवीत कोण कुठे झोपलं होतं ते ओळीने सांगते! चिपळूणला रक्त तपासलं : टीएसएच ६.८, फ्री टी४ (थायरॉईडचं हार्मोन) नॉर्मल. मुंबईचा भाऊ म्हणतो, थायरॉईडच, गोळी चालू कर. काकू म्हणते, वय झालं. (काकू तिच्याच वयाची, तिला उसने दिलेले नारळसुद्धा आठवतात.) ऐकू कोणाचं?

खाडीपलीकडचा : डॉक्टर आहे, पण आईंना न बघता बोलतोय हे धरून चाला. टी४ ठीक असताना टीएसएच एवढाच वर असेल तर विसरण्याचं खापर त्यावर फोडू नका. सत्तरीनंतर तो आपसूक थोडा चढतो. २०१७ साली ‘ट्रस्ट’ नावाचा अभ्यास आला : पासष्टीपुढचे ७३७ जण, दुखणं हेच. वर्षभरानंतर थकवा नि बाकी लक्षणं, खरी गोळी आणि खोटी गोळी यांत फरक नाही. उलट डोस जास्त झाला तर हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं झिजतात. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. विसरण्याची दुसरी कारणंही बघा : बी१२ जीवनसत्त्व तपासलंत का? झोपेची गोळी चालू आहे? कानाला नीट ऐकू येतं?

माहेर_दिवेआगर : डॉक्टरांशी सहमत, पण आमच्या सासूबाईंचं वेगळं होतं. टीएसएच ८० च्या वर, टी४ तळाला. आवाज घोगरा, भर मे महिन्यात अंगावर गोधडी. काही विचारलं की उत्तर येईपर्यंत आपला चहा निवायचा. गोळी लागली तरी आकडा हलेना, कारण त्या ती चहाबरोबर, कॅल्शियमच्या गोळीला जोडून घ्यायच्या! उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, मग निदान अर्धा तास चहा नाही, कॅल्शियम नि लोहाच्या गोळ्या चार तासांनी, असं केल्यावर दोन-अडीच महिन्यांत बाई बोलायला लागल्या. नातवंडांच्या नावांची अदलाबदल मात्र अजून होतेच.

पोफळवाडी : बी१२ केलं. ११८, म्हणजे बरंच कमी. साखरेसाठी मेटफॉर्मिन बारा वर्षं चालू आहे, त्यानेही कमी होतं म्हणे. आजवर कोणी तपासलं नव्हतं, मीही विचारलं नाही. इंजेक्शनं सुरू केलीत. टीएसएच गणपतीनंतर पुन्हा करू, तोवर थायरॉईडची गोळी नाही. भाऊ रुसलाय. पंपाला टायमर बसवला. आईने बघितला आणि म्हणाली, “माझ्यावर पहारा बसवलास होय रे?”