पूर्ण संख्या की परिपूर्ण संख्या? (33550336 च्या निमित्ताने)

प्रश्न: 33550336 ला एके ठिकाणी ‘पूर्ण संख्या’ म्हटलंय, दुसरीकडे ‘परिपूर्ण संख्या’. दोन्ही एकच का? आणि ‘पूर्णांक’ यात कुठे बसतो?

उत्तर: एकच नाहीत, पण या संख्येला दोन्ही शब्द लागू पडतात. 0, 1, 2, 3… या सगळ्या पूर्ण संख्या. त्यांत ऋण संख्या मिळवल्या की झाले पूर्णांक. तेव्हा पूर्ण संख्या असण्यात काही विशेष नाही, 7 सुद्धा आहेच. परिपूर्ण असणं मात्र फार दुर्मिळ. स्वतःला सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज त्या संख्येइतकीच भरली, तर ती परिपूर्ण. उदाहरणार्थ 6 = 1 + 2 + 3. पुढे 28, 496, 8128 आणि मग एकदम ही तीन कोटींच्या घरातली पाचवी.

पडताळून बघा. 33550336 = 4096 × 8191. यात 4096 हा 2 चा बारावा घात आणि 8191 ही मूळ संख्या. 4096 चे विभाजक 1, 2, 4, 8 असे दुपटीने वाढत जातात, त्यांची बेरीज 8191. त्या प्रत्येकाला 8191 ने गुणलं की उरलेले विभाजक मिळतात. सगळ्यांची मिळून बेरीज 8191 × 8192, म्हणजे 33550336 ची नेमकी दुप्पट. त्यातून ती संख्या वजा केली की तीच उरते! 26 विभाजक एकेक करून मांडावे लागत नाहीत, म्हणून ही रीत मला फार देखणी वाटते.

सगळी मदार आहे ती 8191 मूळ असण्यावर. त्याच साच्यातली (2 चा एक घात गुणिले त्याच्या दुपटीपेक्षा एकने कमी संख्या) 1024 × 2047 घ्या. 2047 = 23 × 89, त्यामुळे जादा विभाजक येतात आणि बेरीज संख्येच्या पुढे जाते. हा साचा प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडचा; यातली दुसरी संख्या मूळ असली की गुणाकार परिपूर्ण. प्रत्येक सम परिपूर्ण संख्या यातच बसते, हे अठराव्या शतकातल्या ऑयलर या गणितज्ञाने सिद्ध केलं. विषम परिपूर्ण संख्या आजवर एकही सापडलेली नाही, आणि ती असूच शकत नाही असंही कुणी दाखवलेलं नाही.

प्रश्न: मग ‘पूर्ण वर्ग’ मधलं ‘पूर्ण’ कुठलं?

उत्तर: तिथे वर्गमूळ पूर्णांकात निघतं, एवढाच अर्थ. 33550336 पूर्ण वर्ग नाही, कारण 8191 हा अवयव एकदाच येतो. ‘पूर्ण’ शब्द अशा दोन कामांत आधीच गुंतलेला असल्याने इथे ‘परि’ गाळू नये, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक मत: ‘अवयव’ आणि ‘विभाजक’ यांतही गल्लत होते. हिचे वेगवेगळे मूळ अवयव दोनच, 2 आणि 8191. विभाजक मात्र 26. शिवाय ही त्रिकोणी संख्याही आहे: 1 पासून 8191 पर्यंतची बेरीज हीच. 1 ते 127 या विषम संख्यांच्या घनांची बेरीजही हीच. द्विमान पद्धतीत (फक्त 0 आणि 1 वापरून) लिहिलीत तर आधी तेरा 1 आणि मग बारा 0.