पीएसएलईची तोंडी परीक्षा: एकसुरी वाचनाबद्दल

मुलगी रोज इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचते, तरी सूर एकच राहतो, असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं, पेपर आधी बाजूला ठेवा. बातमी कुणाला उद्देशून वाचायची, हे मुलांना कळतच नाही. सिंगापूरच्या पीएसएलईत, म्हणजे प्राथमिक शाळा संपतानाच्या परीक्षेत, २०२५ पासून इंग्रजीच्या तोंडीला ४० गुण आहेत, त्यातले १५ वाचनाचे. उताऱ्याआधी आता दोन ओळींत प्रसंग दिलेला असतो: कोण, कुणासमोर, कशासाठी वाचतंय. सराव तिथूनच सुरू करा. एकच उतारा आधी वर्गासमोर सूचना देतोय असा वाचायला लावा, मग धाकट्या भावाला गोष्ट सांगतोय असा. आवाज आपोआप बदलतो, सांगावं लागत नाही.

आपल्या घरातल्या मुलांचं आणखी एक म्हणजे आघात, शब्दातल्या एखाद्या अक्षरावर द्यायचा जोर. मराठीच्या सवयीने आपण सगळी अक्षरं सारख्याच वजनाने म्हणतो. 'फोटोग्राफ'मध्ये जोर 'फो'वर, पण 'फोटोग्राफर' म्हणताना तो 'टो'वर सरकतो आणि त्याचा उच्चार 'टॉ'सारखा होतो. अशा जोड्या म्हणून घ्या. 'वॉक्ड'चा शेवट 'क्ट' असा ऐकू यायला हवा, 'वॉकेड' नको. वाचताना मध्येच थांबवू मात्र नका हो, मुलं बुजतात. फोनवर रेकॉर्ड करून तिलाच ऐकवा.

आणि उरलेले २५ गुण चित्रावरच्या गप्पांचे आहेत. त्यासाठी जेवताना इंग्रजीत बोलता का तिच्याशी?