मदत हवी आहे: सागवानी टीव्ही कॅबिनेटचा वरचा पाट कसा बसवू?

गावच्या जुन्या घराच्या सागवानी तुळया चिरून आणल्यात. त्यातून ५ फूट लांब, १६ इंच खोल टीव्ही कॅबिनेट घरीच करतोय. प्लाय-सनमायका अजिबात नको. सांगाडा उभा राहिलाय, वरच्या पाटाच्या ४ इंची फळ्या कडेला कड चिकटवून झाल्यात. ओळखीचे सुतारकाका म्हणतात, फेव्हिकॉल लाव आणि स्क्रूने घट्ट आवळ. पण भरीव लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. मग पाट तडकणारच ना? पुढची कड पक्की करून मागच्या स्क्रूंची भोकं लांबट ठेवावीत, असं मला वाटतं. कुणी केलंय का असं? आणि जुन्या खिळ्यांची काळी पडलेली भोकं... मला आवडतात, बायकोला भरून हवीत. सागाच्या भुशात काय कालवता?