आहारतज्ज्ञाच्या क्लिनिकची यंत्रे, फायली आणि नाव दुसऱ्याला देताना कोणती कागदपत्रे करावीत?

प्रश्न (राजारामपुरीतील आहारतज्ज्ञ)

कोल्हापुरात राजारामपुरीत भाड्याच्या गाळ्यात गेली अकरा वर्षे मी आहारसल्ल्याचे क्लिनिक चालवते. आता आम्ही पुण्याला स्थायिक होत असल्यामुळे ते माझ्याच हाताखाली शिकलेल्या एका मुलीला द्यायचे ठरले आहे. शरीरातील चरबी व स्नायूंचे प्रमाण मोजणारे यंत्र, दोन वजनकाटे, संगणक, फर्निचर, क्लिनिकचे नाव, व्हॉट्सॲपचा नंबर आणि सुमारे सहाशे रुग्णांच्या फायली असा सगळा ऐवज आहे. 'पाचशेच्या स्टॅम्पवर करारनामा करून नोटरी करा, काम झाले,' असे एका परिचितांनी सांगितले. तेवढे पुरेल का? तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरलेले चौदा रुग्णही आहेत.

उत्तर (वकील, शाहूपुरी)

ताई, नोटरीमुळे सही कोणी केली एवढेच सिद्ध होते. काय विकले, हे करारातच लिहावे लागते. जंगम वस्तूंची वेगळी यादी करून यंत्राचा अनुक्रमांक, खरेदीचे वर्ष आणि किंमत नोंदवावी, आणि त्या वस्तू बिल करून प्रत्यक्ष ताब्यात द्याव्यात. सगळाच व्यवहार हस्तांतरणपत्राने, म्हणजे मालकी कागदानेच दुसऱ्याला देणाऱ्या दस्ताने केला, तर महाराष्ट्रात जंगम मालमत्तेवरही टक्केवारीने मुद्रांक शुल्क लागते आणि तेथे पाचशेचा कागद अपुरा ठरतो.

नावाची आणि नावलौकिकाची विक्री मात्र करारात स्पष्ट लिहाच, कारण तिच्यावर आणखी एक गोष्ट अवलंबून आहे. आपण पुन्हा कोल्हापुरात क्लिनिक उघडू नये, अशी अट त्या मुलीला हवी असणारच. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार धंद्याला मनाई करणारी अट एरवी रद्दबातल असते. नावलौकिक विकणाऱ्यावर ठरावीक हद्दीपुरती आणि वाजवी अशी अट मात्र चालते. हद्द 'कोल्हापूर महानगरपालिका क्षेत्र' अशी नेमकी लिहावी. 'संपूर्ण महाराष्ट्र' लिहिल्यास पुण्यात आपलीच अडचण होईल.

फायली विकाऊ माल नव्हेत. त्यांत लोकांचे आजार, औषधे, रक्ताचे अहवाल असतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. प्रत्येक रुग्णाला लेखी कळवून ज्यांची संमती येईल त्यांच्याच फायली द्याव्यात. व्हॉट्सॲपच्या नंबरालाही हेच लागू, कारण त्यातली संभाषणे म्हणजे दुसरी फाईलच.

उत्तर (चार्टर्ड अकाउंटंट)

सगळा व्यवसाय एकरकमी, वस्तूंच्या वेगळ्या किमती न लावता दिल्यास तो आयकराच्या भाषेत 'स्लम्प सेल' होतो आणि हिशेब वेगळ्या पद्धतीने होतो. आपल्या बाबतीत वस्तुवार विक्री सोपी पडेल, असे मला वाटते. स्वतः कमावलेल्या नावलौकिकाची खरेदीकिंमत शून्य धरतात, त्यामुळे त्यापोटी आलेली जवळजवळ सगळी रक्कम भांडवली नफ्यात जाते. व्यवसाय कर नोंदणी रद्द करण्याचा आणि दुकान नोंदणीसंबंधी बंद झाल्याच्या सूचनेचा अर्ज विसरू नये.

उत्तर (असेच एक क्लिनिक विकत घेतलेली, ताराबाई पार्क)

गाळा आपण देऊ शकत नाही. मालकाशी नवा लीव्ह अँड लायसन्स करार तिच्याच नावाने नोंदवावा लागेल. मी घेतलेल्या यंत्रावर बँकेचे कर्ज शिल्लक असल्याचे मला दोन महिन्यांनी कळले, म्हणून ना-हरकत दाखला आधी जोडावा. चौदा रुग्णांची यादी करून कोणाचे किती आठवडे उरले आहेत ते लिहावे आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा करावी किंवा त्यांना परत करावी. 'तिच्याकडे जा' एवढे तोंडी सांगून रुग्ण ऐकत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

प्रश्नकर्ती

आभारी आहे. यंत्राचे मूळ बिल शोधले, तर ते माझ्या यजमानांच्या नावाने निघाले.

वकील

मग कागदावर मालक तेच दिसतात. विक्रेते म्हणून त्यांचीही सही घ्यावी, आणि यंत्राचा घसारा (वापरामुळे दरवर्षी घटलेली किंमत) आजवर कोणाच्या आयकर विवरणपत्रात दाखवला आहे, ते सहीआधी तपासून घ्यावे.