फिल्टरमध्ये बूलियन दिलं की शून्यही जातं

जावास्क्रिप्टमध्ये यादी गाळणाऱ्या फिल्टरला थेट बूलियन (किंमत खरी की खोटी ते ठरवणारं फंक्शन) दिलं की अ‍ॅरेतला (यादीतला) कचरा एका ओळीत साफ होतो, असं सांगतात ते खरं, पण कचरा कशाला म्हणायचं हे तिथे जावास्क्रिप्ट ठरवते, आपण नाही. नल आणि अनडिफाइन्ड (म्हणजे किंमतच नाही) यांच्याबरोबर ० हा आकडा, रिकामी स्ट्रिंग (मजकूर), फॉल्स आणि नॅन (आकडा नसलेली किंमत) हेसुद्धा गळतात. गुणांची यादी ४२, ०, नल, ३७ अशी असेल तर हाती फक्त ४२ आणि ३७ उरतात. शून्य मिळवणारा विद्यार्थी परीक्षेला बसलाच नव्हता असं होतं, आणि त्या यादीची सरासरी काढली तर तीही फुगते. एरर मात्र कुठेच येत नाही, हाच खरा ताप. उलट रिकामा अ‍ॅरे, रिकामं ऑब्जेक्ट किंवा अवतरणातलं '०' खुशाल आत राहतात.

आकड्यांच्या यादीत मी बूलियन वापरतच नाही. 'किंमत !== नल && किंमत !== अनडिफाइन्ड' अशी अट सरळ लिहितो. फक्त अ‍ॅरो फंक्शनला (=> ने लिहिलेल्या छोट्या फंक्शनला) महिरपी कंस दिलात तर रिटर्न लिहायला विसरू नका, नाहीतर अख्खा अ‍ॅरे रिकामा परत येतो.